फाशी की मरेपर्यंत तुरुंग?

फाशीच्या बाजूने दोन कारणं दिली जातात: जरब आणि न्याय. जरबेचं कारण लंगडं आहे. कॅनडाने १९७६ मध्ये फाशी रद्द केली, तरी पुढच्या दशकांत तिथे खुनांचं प्रमाण वाढण्याऐवजी घटलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनेही २०१२ मध्ये बजावलं, की फाशीमुळे खून कमी होतात की वाढतात, हे आजवरच्या अभ्यासांवरून ठरवता येत नाही.

न्यायाचं कारण मात्र इतक्या सहज झटकता येत नाही. ज्याने थंड डोक्याने लहान मुलाला मारलं, तो सरकारी खर्चाने जगतो, हे आईबापांनी का सोसावं? (खर्चाचंच म्हणाल तर अमेरिकेत फाशीचे खटले जन्मठेपेपेक्षा महाग पडतात.)

जन्मठेपेचं पारडं जड होतं ते चुकीमुळे. टिमथी एव्हान्सला मुलीच्या खुनासाठी १९५० मध्ये लंडनमध्ये फासावर चढवलं. खटल्यात त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा, त्याच घरात राहणारा जॉन ख्रिस्ती हाच अनेक खून करणारा निघाला. १९६६ मध्ये एव्हान्सला माफी मिळाली, मरणोत्तर! तुरुंगात असता तर निदान दार उघडता आलं असतं. माझ्यासाठी वाद इथेच निकाली निघतो.

पण जन्मठेप म्हणजे दयाच, असंही नव्हे. सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप अमानुष आहे, असं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवलं. शिक्षेचा कधीतरी फेरविचार व्हायलाच हवा. आणि फेरविचार आला, की पीडितांच्या घरच्यांची धाकधूक पुन्हा सुरू होते.