उबंटू की रॉकी? पॅकेज काढायची वेळ आली की कळतं

अंधेरीच्या एका छोट्या ऑफिसातून परवा फोन आला: नव्या सर्व्हरवर उबंटू टाकू की रॉकी लिनक्स? (दोन्ही लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टम.) सध्याची गाडी सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर आहे. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, पण 'चालतंय ना' म्हणून चालवतायत.

पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचं बांधलेलं गाठोडं, टाकण्यात दोघांत डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. उबंटूवर पॅकेज सांभाळतं ते ॲप्ट: आधी 'ॲप्ट अपडेट' देऊन उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी करायची, मग 'ॲप्ट इन्स्टॉल'. रॉकीवर हेच काम करणारं डीएनएफ, यादी शिळी झाली असेल तर ती आपणहून ताजी करतं. नवखा माणूस फसतो तो पुढे. उबंटूवर एन्जिनएक्स (वेबसाइट पुरवणारा प्रोग्रॅम) टाकलं की ते लगेच सुरूही होतं, तुम्ही कॉन्फिग (सेटिंगची फाइल) उघडून बघण्याआधीच. रॉकीवर ते तुम्ही 'सिस्टमसीटीएल' ही कमांड वापरून सुरू करेपर्यंत गप्प पडून राहतं. मला हे दुसरं बरं वाटतं.

खरी मजा काढताना. 'ॲप्ट रिमूव्ह' प्रोग्रॅम काढतं, पण कॉन्फिग फाइल मागे ठेवतं. सहा महिन्यांनी ॲप्टच्या पोटातल्या 'डीपीकेजी' ची यादी काढा, नावाआधी 'आरसी' (प्रोग्रॅम गेला, कॉन्फिग उरली) लिहिलेली कितीतरी भुतं दिसतील. समूळ काढायचं तर 'पर्ज', आणि सोबत आलेली, आता कुणालाच नको असलेली पॅकेजं काढायला वेगळं 'ऑटोरिमूव्ह'. डेटाबेसवर पर्ज देताना मात्र चहा खाली ठेवा. डेटाही उडवू का, असं तो विचारू शकतो, आणि बोट सवयीने एंटरवर जातं.

डीएनएफ अशी अनाथ पॅकेजं त्याच फेरीत काढून टाकतं. तुम्ही बदललेली कॉन्फिग फाइल तेवढी 'आरपीएमसेव्ह' असं शेपूट लावून ठेवून देतं. सफाई चांगली, पण हात सढळ. एका रविवारी मी एक जुनी लायब्ररी काढायला गेलो आणि यादी न वाचता 'वाय' दिलं. तिच्यावर टेकलेलं वेब ॲप्लिकेशनही गेलं. मेगाब्लॉकमुळे दादरला अडकलेलो, लॅपटॉप मांडीवर, फोनचं नेट. 'डीएनएफ हिस्टरी' मध्ये व्यवहाराचा नंबर सापडला, त्यावर 'अन्डू' दिलं आणि पॅकेजं परत आली. फक्त पॅकेजं, बरं का. कॉन्फिगची 'आरपीएमसेव्ह' प्रत जागेवर न्यावी लागली आणि सर्व्हिस पुन्हा एनेबल करावी लागली. तरी दहा मिनिटांत निभावलं. उबंटू २४.०४ च्या ॲप्टमध्ये असं 'अन्डू' नाही. लॉग फाइल उघडायची, काय काय गेलं ते वाचायचं आणि एकेक परत टाकायचं.

मग उबंटू कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे सर्व्हर बघायला पगारी माणूस नाही, त्यांनी. सुरक्षेचे अपडेट तो मुळातच आपोआप घेतो. रॉकीवर 'डीएनएफ-ऑटोमॅटिक' टाकून चालू करावं लागतं, आणि ते उद्यावर ढकललं जातं. शिवाय मुंबईत रात्री अकराला फोन केला तर उबंटू येणारा कुणीतरी सापडतोच. उलट, एकदा बसवून वर्षानुवर्षं हात लावायचा नसेल तर रॉकी. उबंटू २४.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२९ पर्यंत, रॉकी ९ चा २०३२ पर्यंत.

हे सगळं अंधेरीवाल्यांना अर्धा तास समजावलं. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "आमचं बिलिंग सॉफ्टवेअर फक्त आरपीएममध्ये येतं, चालेल ना?"

अहो, हे आधी सांगायचं! आरपीएम हा रॉकीच्या पॅकेजांचा प्रकार, उबंटूचा वेगळा. रॉकी टाका.