कॉर्नियाची सूज: मिठाचे थेंब की बँडेज लेन्स?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काहींच्या कॉर्नियातली, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातली, सर्वांत आतली पेशींची फळी विरळ होते. साचणारं पाणी बाहेर काढायचं काम तिचं, आणि या पेशी पुन्हा वाढत नाहीत. कॉर्निया सुजतो, वर फोड येतात. फोड फुटला की नसा उघड्या पडून डोळा असह्य ठणकतो.

५ टक्के सोडियम क्लोराइडचे थेंब वरच्या थरातलं पाणी ओढून घेतात. झोपेत पापण्या मिटल्याने बाष्पीभवन थांबतं, म्हणून सकाळी धूसर दिसतं. त्यासाठी रात्री त्याच मिठाचं मलम. स्वस्त उपाय, पण डोळा चुरचुरतो आणि जुन्या, खोल सुजेपुढे तो तोकडा पडतो.

बँडेज लेन्स, म्हणजे डोळ्यावर पट्टीसारखी बसवलेली मऊ कॉन्टॅक्ट लेन्स, सूज उतरवत नाही. पापणीचं घासणं थांबवते, आणि ठणकणाऱ्या माणसाला आधी तेच हवं असतं. मात्र जंतुसंसर्गाची भीती खरी आहे: अँटिबायोटिक थेंब, वेळेवर लेन्स बदलणं, आणि लाली किंवा दुखणं वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

नुसती सकाळची धूसरता असेल तर मी थेंबांकडेच झुकेन. फोड फुटत असतील तर लेन्स. पण तपासणीला नियमित जाणं जमत नसेल, तर ती महिनोन्‌महिने ठेवू नये.