देणगी मोहीम कुठे उघडाल? स्वतःचा क्यूआर, देणगी मंच की संस्थेचं खातं

एकसष्टी, निवृत्ती, आईचं वर्षश्राद्ध, नातवाचा पहिला वाढदिवस. 'भेटवस्तू नको, अमुक संस्थेला द्या' असं सांगणारी माणसं आता ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या इमारतींतही भेटतात आणि घोडबंदर रोडच्या टॉवरांतही. पैसे गोळा करायचे रस्ते मुख्यतः तीन: आपला स्वतःचा यूपीआय क्यूआर, मिलाप-केटोसारखा ऑनलाइन देणगी मंच, किंवा थेट संस्थेचं खातं. धावणाऱ्यांसाठी चौथा आहे, त्यावर पुढे येते. बहुतेक जण तुलना करतात ती शुल्काची. मी आधी एकच विचारते: पैसे पडणार कुणाच्या खात्यात? कर, पावती, अमेरिकेतली मावशी, सगळं त्यावरच येऊन अडतं.

एक उदाहरण धरून चालू. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत पाण्याची टाकी आणि नळ बसवायचेत, काम एक नोंदणीकृत संस्था करणार आहे, खर्च दीड लाख. (भातसा आणि तानसा धरणं याच तालुक्यात. पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर फिरतो.)

स्वतःचा क्यूआर सगळ्यात सोपा. फोटो टाकला, ग्रुपवर पाठवला, झालं. शुल्क शून्य, पैसे तत्काळ. वॉचमनच्या मुलीची फी, सफाईवाल्या मावशींचा चष्मा, अशा वीस-पंचवीस हजारांच्या आणि एकाच इमारतीतल्या कामाला याहून चांगला मार्ग नाही. उगाच मंचावर जाऊ नका.

दीड लाखाला मात्र हा मार्ग अंगाशी येऊ शकतो. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांच्या वर रक्कम आली, तर आयकराच्या दृष्टीनं ती तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. आणि फक्त ५० हजारांच्या वरची नव्हे, सगळी. पुढे संस्थेला दिल्याची पावती दाखवून सीए तुमची बाजू मांडेलही, पण परोपकाराच्या कामात हा व्याप हवाय कुणाला? दुसरं म्हणजे, धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी काढायची तर राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी जी काढतात, तीच. चार घरांतून गोळा केले तर कुणी विचारायला येत नाही, पण तुमचा क्यूआर तीन ग्रुप ओलांडून अनोळखी माणसांत फिरायला लागला की गोष्ट वेगळी. आणि तुमच्या बचत खात्यातून देणगीदाराला ८०जीची, म्हणजे करसवलतीसाठी लागणारी पावती मिळत नाही ती नाहीच.

मग मंच. मिलाप बंगळुरूचा, २०१० पासूनचा; केटो मुंबईचा, २०१२ चा. इम्पॅक्टगुरूही मुंबईचाच. तिघांची मूळ सोय सारखी: एक पान, त्यावर फोटो, गोष्ट, जमलेली रक्कम, कार्ड-नेटबँकिंग-यूपीआय सगळं. जमलेला आकडा सगळ्यांना दिसतो, हीच मंचाची खरी ताकद. ऑफिसातल्या, शाळेच्या बॅचमधल्या, तुम्हाला अर्धवट ओळखणाऱ्या माणसाला त्या आकड्याचा आधार वाटतो. कागदपत्रं तपासली जातात, त्यामुळे पान उघडायला आणि पैसे हातात यायला वेळ धरा.

खर्च कुठे लपतो ते मात्र नीट बघा. बऱ्याच मंचांवर मोहीम उघडणाऱ्याला शुल्क शून्य सांगतात आणि देणगीदाराकडे 'टिप' मागतात. काकूंनी ५०० टाकले की खाली टिपची ओळ आधीच भरलेली असते, समजा १८ टक्के. बटणावर थेट ५९० येतात. ती शून्य करता येते, पण त्यासाठी यादी उघडून 'इतर' निवडा आणि हातानं शून्य लिहा, असला द्राविडी प्राणायाम. सत्तरीतल्या माणसाला ते दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो तो तुम्हाला: 'अगं, नव्वद रुपये जास्त कसे गेले?' म्हणून लिंक पाठवतानाच लिहा, 'टिप ऐच्छिक आहे, शून्य करू शकता.' शिवाय पेमेंटचा खर्च. समजा तो दोन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दीड लाखामागे ३,५४० रुपये. एवढं चालतं. जाहिरात करून देतो म्हणाले तर ती तुमच्याच जमलेल्या पैशातून, तेव्हा या आकाराच्या मोहिमेला नको म्हणा. देणगी दिल्यावर इतर मोहिमांचे मेसेज सुरू होतात, ही तक्रार माझ्याच नातेवाइकांनी माझ्याकडे केली आहे.

मंचावर अनोळखी दाते आपोआप येतील, ही आशा सोडा. टाकीसारख्या शांत कामाला पैसे येतात ते तुमच्याच फोनमधल्या माणसांकडून.

उपचारासाठी मंचाकडे निघालेल्यांना जाता जाता एक. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात, शिवाय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. ती दारं आधी ठोठावा. व्यक्तीच्या उपचाराच्या मोहिमेला सहसा ८०जी नसतेच.

आता संस्थेचं खातं. हा मार्ग दिसायला रुक्ष. संस्थेचं देणगी पान बहुधा जुनं, इंग्रजीत, आणि जमलेला आकडा कुठेच नाही. तरी टाकीसाठी मी हाच निवडेन, थोडी क्लृप्ती करून: पान विसरा, संस्थेचा क्यूआर मागवा आणि तो आपल्या मेसेजमध्ये लावा. स्कॅन केल्यावर ट्रस्टचं पूर्ण नाव दिसलं पाहिजे. एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा आणि विचारा. तुमच्या नावानं कोण देतंय हे कळावं म्हणून पैसे पाठवताना नोंदीत 'टाकी' लिहायला सांगा, आणि संस्थेच्या खजिनदारांकडून आठवड्याला यादी घ्या. मंच दाखवतो तसा जमलेला आकडा मग तुम्हीच ग्रुपवर टाकायचा. त्यासाठी खजिनदार उत्तर देणारे हवेत, हे मात्र खरं. दोन फोनांना उत्तर नाही तर तिसरा न करता मंच धरावा.

संस्था पारखताना तिची ८०जी नोंदणी चालू आहे का, स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव आहे का, एवढं बघाच. पावतीपलीकडे तिनं वर्ष संपल्यावर देणगीदारांची नावं आयकर खात्याला कळवून १०बीई प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते न देणाऱ्या संस्था पुष्कळ. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आजोबांना चेक लिहायला सांगा. पण ८०जीचा फार बाऊ करू नका. सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि तुमचे तिशीतले सहकारी बहुतेक नव्या प्रणालीत गेलेत. पावतीची वाट बघतात ते निवृत्त मंडळी.

परदेशातल्यांचं जरा जपून. दुबईतल्या भावाचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर ते विदेशी योगदान नाही. न्यू जर्सीची मावशी अमेरिकन नागरिक झाली असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) असूनही तिचे पैसे विदेशीच. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. 'माझ्या खात्यात टाक, मी देते' ही पळवाट काढू नका. निम्मे दाते तिकडचे असतील तर संस्थाच एफसीआरएवाली निवडा.

मॅरेथॉनचं थोडक्यात. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या टाटा मुंबई मॅरेथॉनला जोडून युनायटेड वे मुंबईमार्फत नोंदणीकृत संस्थांसाठी निधी उभा करता येतो. पहाटे उपवन-येऊरला धावणारे आणि मोठ्या ऑफिसात बसणारे, त्यांना हे झकास. इतरांनी केवळ निधीसाठी पळायला सुरुवात करू नये.

प्रसार तिन्हीकडे सारखाच लागतो आणि तिथेच बहुतेक मोहिमा गळपटतात. शून्यावर उभ्या मोहिमेला कुणी हात लावत नाही. आधी स्वतःचे टाका, मग सात-आठ जवळच्यांना फोन करा, काही जमल्यावर एकेकाला मेसेज, ग्रुप आणि स्टेटस सगळ्यात शेवटी. मेसेज साधारण असा:

'काकू, नमस्कार. ३० तारखेला मी निवृत्त होतेय. पार्टीऐवजी शहापूरकडच्या एका शाळेत पाण्याची टाकी बसवायची आहे. एकूण दीड लाख, पंचवीस हजार मी घातलेत. तुम्हाला जमेल तेवढं. पाचशेत एक नळ बसतो. पैसे थेट संस्थेला जातात, क्यूआर खाली आहे, नोंदीत "टाकी" लिहा. पावती हवी असेल तर पॅन मला नको, संस्थेच्या नंबरवर पाठवा.'

पगाराच्या पहिल्या आठवड्यात पाठवा. गणपतीच्या तोंडावर नको, तेव्हा प्रत्येक दारात वर्गणीचं पुस्तक असतं. फोटो टाकीच्या जागेचा, कोरड्या नळाचा टाका. केविलवाण्या पोरांचे चेहरे नकोत. आणि जास्त जमले तर ते कुठे जातील, कमी पडले तर टाकी लहान करणार की मुदत वाढवणार, हे संस्थेशी बोलून पहिल्याच मेसेजात लिहून टाका. मंच निवडलात तर लक्ष्य गाठलं नाही तरी रक्कम काढता येते का, हे पान उघडण्याआधी विचारून घ्या.