आउझिआस मार्कच्या निवडक कविता : प्रत जुनी, बांधणी ढिली, तरी घ्या

पुस्तक दुभाषी आहे. डाव्या पानावर मूळ कॅटलन, म्हणजे स्पेनच्या पूर्वेकडची भाषा, उजव्यावर इंग्रजी गद्य भाषांतर. मी जुनी प्रत मागवली. कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही, मोर्शीला स्टँडजवळच्या दुकानात पार्सल टाकून जातो. उघडलं तर मधली आठ-दहा पानं सुटी होऊन हातात आली. खळ लावून बसवली. तक्रार कोण करत बसते बाप्पा!

कवी पंधराव्या शतकातला, स्पेनातल्या वॅलेन्सियाकडचा सरदार. तरुणपणी आल्फोन्सो राजाच्या समुद्री मोहिमांत लढला, पुढे राजाचे शिकारी ससाणे सांभाळले, १४५९ साली वारला. त्याच्या आधी तिकडचे कवी प्रेमकविता त्रुबादूरांच्या, म्हणजे दक्षिण फ्रान्सकडच्या जुन्या प्रेमकवींच्या, ऑक्सितान भाषेत करत. यानं ती रीत सोडून आपल्या कॅटलनमध्ये लिहिलं. महानुभाव घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला तो एवढ्यावरच जवळचा वाटला.

तरी प्रेमकविता सरसकट आवडल्या असं म्हणणार नाही. बाईचं नाव कुठं नाही, 'काट्यांतली लिली' असली संबोधनं. बाई थोडी अन् स्वतःची चिरफाड फार. काही मी अर्ध्यातच सोडल्या. समुद्रावरची मात्र पुन्हापुन्हा वाचली. भट्टीतल्या भांड्यासारखा समुद्र उकळेल, म्हणतो, आणि मासे जीव वाचवायला जमिनीवर येतील.

पैसे वसूल होतात ते मृत्युगीतांत. ही एकूण सहा आहेत. प्रिया मेली आहे आणि ती स्वर्गात गेली की नरकात, हे याला ठाऊक नाही. नुसता विरह असता तर आपल्याकडे काय कमी आहे? इथं धास्ती वेगळी आहे. ती नरकात असेल आणि तेही माझ्यापायी, तर देवा, माझा आत्माच पुसून टाक, मला शून्य कर, असं तो मागतो. मग तिच्या आत्म्यालाच हाक मारतो : मेलेल्यांचा रिवाज मोड, परत ये, तुझं काय झालं ते दाखव, मी भिणार नाही. रात्रीची लाइन होती, संत्र्याला पाणी चालू होतं, मोटरीपाशी बसून हे वाचलं. लाइन केव्हा गेली, समजलं नाही.

आमच्या पंथात भास्करभट्ट बोरीकरांची गोष्ट सांगतात. 'शिशुपाळवध' ऐकून वडीलधारे म्हणाले, ग्रंथ चांगला, पण शृंगाराचा, निवृत्तांच्या कामाचा नाही. तेव्हा त्यांनी 'उद्धवगीता' रचली. शृंगार एका ग्रंथात, मोक्ष दुसऱ्या. मार्कला ही सोय नाही. त्याचा मोक्षाचा प्रश्नच त्या बाईपासून सुरू होतो.

संपादकाला हे पटलेलं दिसत नाही. प्रस्तावनेत 'अखेर कवी देवाकडे वळला' म्हणून तो मोकळा होतो. मग त्यानंच छापलेलं 'आध्यात्मिक गीत' त्यानं कसं वाचलं कोण जाणे. त्यात मार्क देवाला सांगतो, तुझ्याशिवाय कोणी तुझ्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा हात दे, नाहीतर केसाला धरून उचल. मी कॅथलिक आहे, म्हणतो, पण श्रद्धेची ऊब मला लागत नाही. तुझ्यावर प्रेम कमी, तुझी भीतीच जास्त. अजून बिघडायच्या आत मला घेऊन जा, अशीही विनवणी आहे. देवाकडे वळून निवांत झालेला माणूस असं बोलतो का? या गीताला यमकही नाही. बरंच झालं, असल्या बोलण्याला यमक कशाला?

भाषांतर सरळ आहे, अर्थ नीट लागतो. चाल मात्र गेली. मूळ ओळ दहा अक्षरांची, चौथ्यानंतर थांबा. ते कळायला डावं पान मोठ्यानं वाचावं लागते, उच्चार चुकले तरी चालतात. टिपा इतक्या बारीक की चष्म्यावर भिंग लागते.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो प्रस्तावनेचा. नवी प्रत महाग आहे, जुनी मिळाली तर घ्या, आणि वाचायला शेवटाकडून घ्या.