प्रभागाचा सर्व्हे आणि मुस्लिम उमेदवार: सांगली-मिरजेतल्या ‘मतदार कल’ पॅकेजचं परीक्षण

महापालिका किंवा झेडपीची निवडणूक जवळ आली की सांगली-मिरजेत ‘मतदार कल सर्वेक्षण’ करून देणाऱ्या कंपन्यांची पत्रकं फिरायला लागतात. अशाच एका कंपनीचं प्रभाग पॅकेज इथं तपासलं आहे. नाव देत नाही, कारण दोष तिच्या एकटीचे नाहीत. हे काम करणाऱ्या बऱ्याच जणांचा साचा हाच असतो. पॅकेजमध्ये तीन गोष्टी मिळतात: चारशे मतदारांच्या मुलाखती, जुन्या निकालांचे केंद्रनिहाय तक्ते, आणि ‘सामाजिक स्वीकारार्हता’ नावाचं एक प्रकरण. आधीच सांगायचं तर तक्ते पैसे वसूल आहेत, मुलाखती कामचलाऊ आहेत, आणि स्वीकारार्हतेचं प्रकरण आहे तसं अजिबात घेऊ नये. पक्षाच्या बैठकीत नेमकी तीच पानं उघडली जातात आणि ‘लोक स्वीकारत नाहीत’ म्हणून चांगल्या कार्यकर्त्याचं तिकीट कापलं जातं, त्यामुळं तिथं हयगय चालणार नाही.

या प्रकरणाचा पाया एकच प्रश्न आहे: ‘आपल्या प्रभागात मुस्लिम उमेदवार असल्यास मत द्याल का?’ मिरजेत दारात उभं राहून हे विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘देऊ की. माणूस चांगला पाहिजे. आम्ही असलं काही बघत नाही.’ हे खोटंच असतं असं नाही. पण मागं सासरे खुर्चीत बसलेले, समोर अनोळखी पोरगा टॅब घेऊन उभा, अशा वेळी माणूस बरं दिसेल तेच बोलतो. त्यात आपल्याकडं उत्तराच्या आधी उलटा प्रश्न येतो, ‘कुठला रे तू? आडनाव काय?’ पोरगा मुजावर असला तर एक सूर, कुलकर्णी असला तर दुसरा. कंपनीच्या ॲपमध्ये मुलाखतीची वेळ आणि ठिकाण नोंदलं जातं, मुलाखत कुणी घेतली हेही असतं, पण अहवालात ते कुठंच येत नाही. मुलाखतकारांना केंद्रं चिठ्ठ्या टाकून वाटा आणि मुलाखतकारनिहाय उत्तरांचा तक्ता द्या, अशी अट आधीच घाला. दोन मुलाखतकारांच्या ‘हो’मध्ये मोठी तफावत दिसली तर तो आकडा मतदाराचा नसून दारातल्या पोराच्या आडनावाचा आहे.

याच्या जोडीला दुसरा प्रश्न आहे: ‘तुमच्या गल्लीतले लोक देतील का?’ इथं ‘नाही’ भरपूर येतात, आणि अहवाल त्यालाच मतदाराचं खरं मत मानतो. ते धरून चालत नाही. या उत्तरात दोन गोष्टींची सरमिसळ असते: कुणी स्वतःचं मत शेजाऱ्याच्या नावावर खपवतो, तर कुणी स्वतः द्यायला तयार असतो, पण ‘बाकीचे देणार नाहीत, मग मत कशाला वाया घालवायचं’ असा हिशेब करतो. पहिल्याच्या मनात अढी आहे, दुसऱ्याला निवडून येण्याची शंका आहे. दुसरा माणूस प्रचारानं वळतो, पहिला सहसा वळत नाही. दोघांना एका रकान्यात घातलं की उमेदवाराच्या हाताला काहीच लागत नाही.

पुढं अहवाल ‘शिष्टाचार वजावट’ म्हणून मुस्लिम उमेदवाराच्या पाठिंब्यातून सरसकट दहा टक्के कापतो. हे कुठून आलं ते उघड आहे. अमेरिकेत १९८२ मध्ये लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली चाचण्यांत पुढं असूनही कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. १९८९ मध्ये व्हर्जिनियात गव्हर्नरपदाचे कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डर चाचण्यांत चांगलेच पुढं होते, प्रत्यक्षात सात हजारांहून कमी मतांनी तरले. तिथून ‘गोऱ्या मतदाराच्या तोंडी उत्तरातून काही टक्के वजा करा’ हा समज पसरला. पण २००८ मध्ये बराक ओबामांच्या वेळी देशपातळीवरच्या शेवटच्या चाचण्या निकालाच्या जवळपास होत्या. कापायचा ठरीव आकडा असा काही नसतो.

ओबामांच्या निकालातून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. २००८ च्या मतदानोत्तर चाचणीनुसार त्यांना ४३ टक्के गोऱ्या मतदारांनी मत दिलं. एवढंच वाचलं तर वाटतं, निम्म्याहून जास्त गोऱ्यांनी रंग बघून नाकारलं. पण त्याच पक्षाचे जॉन केरी गोरे होते आणि २००४ मध्ये त्यांना ४१ टक्केच मिळाले होते. मग वर्णद्वेषाची किंमत शून्य म्हणायची का? तेही नाही. २००८ साली अर्थव्यवस्था कोसळली होती, लोक सत्ताधारी पक्षावर चिडले होते. त्या लाटेत गोऱ्या उमेदवाराला आणखी किती मिळाली असती हा खरा प्रश्न. लोक गुगलवर एकट्यानं बसून कोणते वर्णद्वेषी शब्द शोधतात त्यावरून एका अभ्यासानं हा तोटा साधारण चार टक्क्यांचा काढला. थोडक्यात, उमेदवाराला किती मतं पडली हे बघून भागत नाही. त्याच जागी, त्याच पक्षाच्या, त्याच वर्षी दुसऱ्या उमेदवाराला किती पडली असती, त्याच्याशी तुलना लागते.

ही तुलना अमेरिकेत अंदाजानं करावी लागते. सांगलीत ती तयार मिळते. २०१८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २० प्रभाग आणि ७८ जागा होत्या. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. तोच मतदार, त्याच खोलीत, त्याच मिनिटाला अ, ब, क, ड अशा जागांसाठी बटणं दाबतो. पक्षाची लाट, नाराजी, पाऊस, वाटप, जे काही असेल ते चारही जागांना सारखंच लागू. म्हणून एकाच पॅनेलमधल्या चार उमेदवारांच्या मतांतला फरक हे आपल्याकडचं सगळ्यात भरवशाचं माप आहे. पॅकेजमधले केंद्रनिहाय तक्ते इथं कामाला येतात. ते स्वच्छ असतात, केंद्रांच्या बदललेल्या हद्दी जुळवलेल्या असतात आणि एक्सेलमध्ये मिळतात. ही किचकट मेहनत कंपनीनं मनापासून केली आहे. पण ती प्रभागाच्या बेरजेवर थांबते, आणि बेरजेत एका केंद्रावरची गळती दुसऱ्या केंद्रावरच्या वाढीत बुडून जाते.

पुढचं काम स्वतः करा. समजा एका केंद्रावर पक्षाच्या अ, ब, क उमेदवारांना ४२०, ४०५ आणि ४१५ मतं पडली आणि ड जागेवरच्या मुस्लिम उमेदवाराला ३३०. तिघांची सरासरी ४१३, गळती ८३ मतांची, म्हणजे २० टक्के. असा रकाना प्रत्येक केंद्रासाठी काढा. मग गळतीच्या उतरत्या क्रमानं केंद्रं लावा आणि प्रत्येक केंद्रासमोर चार गोष्टी लिहा: ड जागेवर बंडखोर होता का, विरोधी उमेदवार तिथलाच रहिवासी होता का, त्या जागेचा ‘नोटा’चा (‘यापैकी कुणीही नको’ या बटणाचा) आकडा बाकीच्या तीन जागांपेक्षा फुगला का, आणि गळलेली मतं नेमकी कुणाच्या खात्यात गेली. मतं तिथल्याच रहिवासी विरोधकाकडं गेली असतील तर ती गावकीची गळती, धर्माची नव्हे. ती सगळीकडं सारख्या प्रमाणात, दुसऱ्या पक्षाच्या अनोळखी उमेदवाराकडं गेली असतील तर मात्र अढी मानायला जागा आहे. उलट काही केंद्रांवर हाच उमेदवार पॅनेलच्या पुढं गेलेला दिसेल. ही वाढ सहसा मुस्लिम वस्तीतली असते, आणि तीही तेवढीच मोजायची. नुसती गळती दाखवणारा अहवाल अर्धाच असतो. एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा: मिश्र वस्तीच्या केंद्रावर गळती दिसते, पण मत कुणी फिरवलं ते दिसत नाही. कंपनीचा माणूस बोट ठेवून ‘अमक्या समाजानं नाही दिलं’ म्हणाला तर त्याला तिथंच थांबवा.

निकाल कुठं काहीच सांगत नाहीत हेही कळलं पाहिजे, आणि इथं अहवालाची चूक गंभीर आहे. ‘मिरजेत २००९ पासून मुस्लिम आमदार नाही, म्हणजे स्वीकारार्हता घटली’ असं एक वाक्य त्यात आहे. १९९९ आणि २००४ मध्ये हाफिज धत्तुरे मिरजेतून निवडून आले होते. २००९ पासून मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव झाला, मुस्लिम उमेदवार उभाच राहू शकत नाही. मतदारांना न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या नावावर लिहिलं आहे! सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली आणि पुढच्याच महिन्यात विधानसभेचं मतदान झालं, म्हणून त्या वर्षीचा कुठलाही आकडा नेहमीचा कल म्हणून वापरू नये. तीच गोष्ट नेमणुकीच्या पदांची. महापौराला नगरसेवक निवडतात. मिरजेचे माजी महापौर इद्रिस नायकवडी २०२४ मध्ये विधान परिषदेवर गेले ते राज्यपालनियुक्त म्हणून. बॅरिस्टर अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले ते दिल्लीच्या निर्णयानं, आणि ऋषी सुनक २०२२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले ते पक्षाच्या खासदारांच्या पाठिंब्यावर. या पदांचं मोल मोठं आहे, पण त्यांवरून सामान्य मतदाराचं मन वाचता येत नाही.

आणखी एक ढोबळ गोष्ट: ‘अल्पसंख्याक’ असा एकच रकाना. कायद्यानं २०१४ पासून जैनही राष्ट्रीय अल्पसंख्याक आहेत, आणि सांगली जिल्ह्यात शेतकरी जैन गावोगाव आहेत, बऱ्याच जणांचं आडनावही पाटील. त्यांना आणि मुस्लिमांना एका रकान्यात घालून काढलेली सरासरी कुणाचीच नसते. शिवाय शेजारच्या हातकणंगले मतदारसंघातून, ज्यात आपलं इस्लामपूर आणि शिराळा येतं, राजू शेट्टी २००९ आणि २०१४ मध्ये निवडून आले. ते जैन आहेत. मत मिळालं ऊसदराच्या लढ्याला. मतदाराचं कारण कसं शोधायचं याचा हा धडा जवळच आहे.

कारण शोधायला पॅकेजमध्ये सहा पर्याय दिलेत: विकास, पक्ष, नेतृत्व वगैरे. ‘विकास’वर सगळे टिक करतात. त्याऐवजी पर्याय न देता ‘का?’ विचारा, उत्तर बोललं तसं लिहून घ्या, आणि ‘आणखी काही?’ म्हणून दुसऱ्यांदा विचारा. कामाचं कारण बहुतेक दुसऱ्या उत्तरात निघतं: ‘पाण्याचा टँकर त्यानंच आणला’, ‘दवाखान्यात रात्री तोच आला होता’. उत्तरांचं वर्गीकरण दोन जणांनी एकमेकांचं न बघता करावं आणि जिथं जुळत नाही तिथं मूळ वाक्य पुन्हा वाचावं.

अढी मोजायचीच असेल तर दोन पद्धती आहेत. पहिली यादीची. अर्ध्या लोकांना निरुपद्रवी तीन वाक्यं वाचून दाखवायची, उरलेल्या अर्ध्यांना तीच तीन आणि चौथं नाजूक वाक्य, आणि यातली किती पटतात तेवढा फक्त आकडा विचारायचा. कुठली पटतात ते कुणी सांगत नाही, म्हणून माणूस मोकळं उत्तर देतो. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे चौथं वाक्य पटणाऱ्यांचं प्रमाण. कंपनी हे जादा पैसे घेऊन प्रभागात करून देते, पण घेऊ नका. चारशे लोकांत गट दोनशेचे होतात आणि त्रुटीची कक्षा दोन्ही बाजूंना सुमारे वीस टक्क्यांची निघते. म्हणजे तीस टक्के उत्तर आलं तर खरं दहाही असेल, पन्नासही. दोन हजारांचा नमुना असला तरी कक्षा नऊच्या आसपासच राहते. हे काम सगळ्या शहरासाठी मिळून करायचं.

दुसरी पद्धत कार्डांची, आणि प्रभागासाठी ती बरी. वय, शिक्षण, पक्ष, आधीचं काम सगळं सारखं ठेवून कार्डावर फक्त नाव बदलायचं. एका माणसाला एकच कार्ड. कंपनीच्या कार्डांवर आडनाव तेवढं छापलं होतं: इनामदार, जमादार, पाटील. सांगलीत ही आडनावं एकाच समाजाची नाहीत, त्यामुळं वाचणाऱ्याला काय समजलं ते कळायला मार्ग नाही. पूर्ण नाव छापा. पसंतीही तोंडी विचारू नका. चिन्हांची चिठ्ठी द्या, शिक्का मारून घडी घालून पेटीत टाकायला सांगा. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या लोकनीती-सीएसडीएस या संस्थेच्या सर्वेक्षणांत हीच रीत असते. मुलाखतीचा क्रमांक चिठ्ठीच्या मागं असू द्या, नाव नको.

नमुन्याबद्दल थोडंच. मुलाखती सकाळी अकरा ते चार झाल्या की कुपवाड एमआयडीसीतले कामगार आणि मार्केट यार्डातले हमाल सुटतात. संध्याकाळी सहानंतरच्या आणि रविवारच्या फेऱ्या करारात लिहून घ्या. नावं मतदार यादीतून काढा: हजार मतदारांच्या केंद्रावर वीस हवे असतील तर पहिला क्रमांक चिठ्ठीनं, पुढं प्रत्येक पन्नासावा. माणूस तीन वेळा जाऊनही भेटला नाही तर ‘भेटला नाही’ लिहायचं, शेजारचा धरायचा नाही. आणि चारशेंतल्या साठ जणांच्या गटावरून टक्केवारी छापली असेल तर तिच्यावर तेरा टक्के इकडं-तिकडं धरूनच बोला.

पॅकेजबरोबर नाव, फोन आणि धर्म-जात लिहिलेली मतदारनिहाय फाइल आणि ‘समाजनिहाय संदेश’ फुकट म्हणून देतात. दोन्ही नाकारा. संमतीशिवाय जमवलेली अशी माहिती बाळगणं २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या दृष्टीनं जोखमीचं आहे. विधानसभा-लोकसभेला धर्म किंवा जातीच्या नावानं मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचरण ठरतं, आणि जानेवारी २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मतदाराच्या धर्माचाही त्यात समावेश होतो. निवडून आलेली जागा अशा एका मेसेजवरून जाऊ शकते.

करार करताना फक्त केंद्रनिहाय तक्ते आणि मुलाखतींचा कच्चा डेटा, नावं काढून, एवढंच मागा; स्वीकारार्हतेच्या प्रकरणाचे पैसे वजा करून घ्या. शेवटचा हप्ता मुलाखतकारनिहाय तक्ता आणि न भेटलेल्यांची यादी हातात पडल्यावरच द्या.