आप्पा बळवंत चौकातला शिक्केवाला आणि माझं स्टॅम्पिंगचं वेड: तीन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

मी पतपेढीत काम करते. म्हणजे सकाळी साडेदहापासून 'रोख मिळाले', 'रद्द', 'मूळ प्रत पाहिली' हे शिक्के मारणं हाच माझा उद्योग, बोटं कायम जांभळी. घरी गेल्यावरही मी हौसेने शुभेच्छापत्रांवर परत शिक्केच मारत बसते हे कळलं तेव्हा आमच्या कॅशियर बाईंनी कपाळावर हात मारून घेतला होता. तर हा रिव्ह्यू एका शिक्केवाल्या काकांच्या दुकानाचा आहे, पण नुसतं दुकान मस्तंय असं म्हणून कुणाला काही कळणार नाही, त्याआधी मी कुठे कुठे पैसे घालवले ते सांगावं लागेल, त्यामुळे जरा लांबण लागणार. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली एक तक्रार पण आहे.

सुरुवात ऑनलाइन मागवलेल्या एका किटपासून झाली. साडेआठशे रुपये, त्यात बेचाळीस क्लिअर स्टॅम्प (म्हणजे बिनमुठीचे पारदर्शक ठसे), ते चिकटवायला दोन अॅक्रिलिकचे ब्लॉक, चार रंगांची पिटुकली पॅडं आणि चमकीची एक बाटली. पहिलं फुलपाखरू मारलं तर कागदावर गोवर आलेलं फुलपाखरू. शाई स्टॅम्पवर बसतच नव्हती, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर थेंब पळतात ना, तसे नुसते ठिपके ठिपके. मला वाटलं माझाच हात चुकतोय. वीस वर्षं शिक्के मारणाऱ्या बाईचा हात काय चुकणार, पण नवीन काही शिकताना आपण आधी स्वतःलाच बोल लावतो. मग कळलं की नव्या क्लिअर स्टॅम्पवर साच्यातला एक तेलकट थर राहिलेला असतो, तो साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासून काढायचा, की मग शाई सरळ पसरते. हे बॉक्सवर एका ओळीत लिहिता आलं असतं. घासल्यावर निम्मेअधिक स्टॅम्प सुधारले, बाकीचे स्वस्त मालाचे होते ते शेवटपर्यंत ठिपकेच देत राहिले. चांगले क्लिअर स्टॅम्प फोटोपॉलिमरचे, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचे असतात, वापरून वापरून शाईचे डाग धरतात, उन्हात राहिले तर पिवळे पडतात, पण ठसा एकदम स्वच्छ.

किटमधली पॅडं महिन्याभरात सुकली म्हणून मी ऑफिसला असतं तसलं जांभळं पॅड घेतलं (विकत घेतलं, उगाच शंका काढू नका). ती शाई पावत्यांच्या कागदासाठी बनलेली, जाड कार्डशीटवर फुटते, आणि उन्हाला अजिबात टिकत नाही. ताईला केलेलं कार्ड तिने हौसेने खिडकीजवळ लावलं होतं, गणपतीत दिलं आणि संक्रांतीला गेले तर नुसता धुरकट डाग उरलेला, त्यात नाव कुणाचं होतं तेही कळेना.

त्यामुळे ज्याला हे सुरू करायचंय त्याला माझं एकच सांगणं, स्टॅम्प दोनच घ्या पण शाई नीट घ्या. मी आता त्सुकिनेको या जपानी कंपनीची तीन पॅडं वापरते. मेमेंटो ही डाय शाई, कागदात मुरते, पटकन वाळते, आणि वरून अल्कोहोल मार्करने (स्पिरिटच्या शाईच्या स्केचपेनाने) रंगवलं तरी रेष फुटत नाही. व्हर्साफाइन ही पिगमेंट शाई, म्हणजे रंगाचे कण कागदावरच बसणारी, बारीक रेषा अगदी छापल्यासारख्या येतात, पूर्ण वाळल्यावर वरून वॉटरकलर फिरवला तरी ढिम्म हलत नाही, पण तिच्यावर अल्कोहोल मार्कर चालवला की चेहऱ्यावर काजळ ओघळल्यासारखं होतं. मी दोन्हीत उलटापालट करून चार कार्डं घालवलीत तेव्हा हे पाठ झालंय. तिसरं व्हर्सामार्क, त्याला रंगच नाही, नुसता चिकट ओला ठसा उमटतो. पाचशेच्या पुढे किंमत आहे आणि रंग नाही म्हटल्यावर आमच्या घरात जो हशा पिकला तो सोडून द्या, कारण सगळी गंमत त्याच पॅडमध्ये आहे.

व्हर्सामार्कने ठसा मारायचा, वर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकून परत डबीत, आणि खालून हीट गन, म्हणजे कडक गरम हवा सोडणारं यंत्र, धरायची. सुरुवातीला काहीच होत नाही, पावडर वाळूसारखी रवाळ दिसते, आणि मग एका कोपऱ्यातून अचानक वितळायला लागते, हिवाळ्यात थिजलेलं तूप गॅसवर कडेकडेने विरघळत जातं ना अगदी तसं, आणि चमकदार उंच रेष तयार होते. हे पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मी साडेबारापर्यंत जागी होते. हीट गनच्या जागी हेअर ड्रायर चालत नाही, तो तेवढा तापत नाही आणि वारा जोरात मारतो. मी करून पाहिलंय, सोनेरी पावडर ओट्यापर्यंत गेली आणि आठवडाभर पोह्याच्या डब्याचं झाकण लक्ष्मीपूजनाला ठेवल्यासारखं चमकत होतं. दुसरी गोष्ट, ठसा मारायच्या आधी कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवायची, जुन्या सुती रुमालात दोन चमचे पावडर बांधली की झालं, नाहीतर सोनेरी कण नको तिथे चिकटून बसतात. पावसाळ्यात कागद दमट असतो तेव्हा तर हे हवंच. याच कामासाठी तयार पिशव्या विकतात, त्या अजिबात घेऊ नका.

पहिल्या वर्षातली माझी कार्डं आता बघवत नाहीत. एकेका कार्डावर फुलपाखरं, फुगे, चमकी, लेस, रिबिन, वर परत मोती. रुखवतात कसं सगळं मांडायचंच असतं, एकही वस्तू मागे ठेवायची नाही, तसलाच प्रकार. आणि मधोमध इंग्लिशमध्ये 'थिंकिंग ऑफ यू'. नाशिकच्या आत्याला ते कार्ड गेलं. तिचा फोन आला, "कार्ड छान आहे गं, पण काय झालंय काय? कसला विचार करतेयस माझा?" तेव्हा पहिल्यांदा टोचलं. आपण आत्याला असं म्हणतच नाही. आपण म्हणतो खूप दिवसांत भेट नाही, किंवा येऊन जा एकदा. असले स्टॅम्प बेचाळीसच्या सेटमध्ये नसतात आणि बेचाळीसशेच्या सेटमध्येही नसतात.

म्हणून मग शिक्केवाला.

पुण्यात आप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांमधून एक बोळ आत जातो, जिना चढून वर दहा बाय दहाची खोली. काका आणि एक मुलगा. भिंतभर नमुन्याचे ठसे, डॉक्टर, वकील, सोसायट्यांचे गोल शिक्के. मी कागदावर लिहून नेलं होतं, 'खूप दिवसांत भेट नाही'. काकांनी वाचलं, चष्म्यावरून बघितलं, म्हणाले, "कुठल्या ऑफिसला हा?" मी म्हटलं घरीच. त्यावर काही बोलले नाहीत, पण पुढच्या वेळेपासून चहा यायला लागला.

इथे एक नीट समजून घ्या. शिक्केवाल्याकडे गेलात की तो आधी सेल्फ इंकिंग नाहीतर फ्लॅश स्टॅम्प दाखवतो, दिसायला झकपक असतात. आपल्या कामाचे नाहीत. सेल्फ इंकिंगमध्ये पॅड आतच बसवलेलं, दर वेळी शिक्का उलटून त्यालाच टेकतो. फ्लॅशमध्ये शाई त्या स्पंजसारख्या फोममध्येच भरलेली असते, झगझगीत प्रकाशाचा झोत मारून नको असलेल्या जागेची छिद्रं बंद केलेली असतात आणि उरलेल्यातून शाई झिरपते. म्हणजे दोन्हीत रंग एकच, एम्बॉसिंग विसरा. आपल्याला साधा, बिनपॅडचा पॉलिमरचा शिक्का सांगायचा, आणि लाकडी मूठसुद्धा नको म्हणायचं, नुसता ठसा कापून घ्यायचा, तो अॅक्रिलिकच्या ब्लॉकवर चिकटवला की कागदावर कुठे बसतोय ते आरपार दिसतं. वर मुठीचे पैसे वाचतात. मला एक ओळ साधारण दोनशेला पडते.

काकांनी एकदा मला आत उभं करून सगळं दाखवलं. आपल्या मजकुराची निगेटिव्ह, म्हणजे अक्षरं पारदर्शक आणि बाकी काळं. त्यावर मधासारखं घट्ट द्रव पॉलिमर ओतायचं, वरून काच, मशीनमध्ये यूव्ही लाइट. जिथून उजेड जातो तिथलं घट्ट होतं, बाकीचं द्रवच राहतं, ते साबणाच्या पाण्यात ब्रशने धुऊन टाकायचं. धुताना मुलाच्या हाताखालून एकेक अक्षर वर येत होतं, उलटं. मी बघतच राहिले. इतकी वर्षं शिक्के मारतेय आणि तो होतो कसा हे कधी पाहिलं नव्हतं.

आता तक्रार. देवनागरी. 'दिवाळीच्या शुभेच्छा' करायला दिलं बारा पॉइंटमध्ये. आलं त्यात 'च्छ'च्या जागी चक्क शाईचा गोळा. च आणि छ एकमेकांना इतके चिकटलेले की मधल्या फटी भरून जातात, तेच 'द्ध'चं, तेच 'क्ष'चं. शिवाय रफार आणि अनुस्वार इतके बारीक की धुताना ब्रशबरोबर निघून जातात. परत केलं अठरा पॉइंटमध्ये, जाड फाँटात, तर 'शूभेच्छा'. शु दीर्घ. प्रूफवर सही माझीच होती, त्यामुळे पैसे भरले, पण पन्नास दिवाळी कार्डं करायची होती आणि वसुबारस दोन दिवसांवर, मी जिन्यातच बसले. माझी फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडली की फाँट बदलतो, जोडाक्षरं फुटतात, मग मुलगा स्वतः टाइप करतो आणि घोटाळा होतो. आता मी पीडीएफ करून नेते आणि सांगते याला हात लावायचा नाही. तेव्हापासून एकही चूक नाही. तरी मराठी शिक्के बनवणाऱ्या माणसाला शुभेच्छा लिहिता यावं एवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे, म्हणून एक स्टार कापला.

मराठी शब्द आल्यावर कार्ड आपोआप रिकामं व्हायला लागलं. 'येऊन जा एकदा' याच्या बाजूला चमकी लावली तर ते लग्नपत्रिकेसारखं दिसतं, एकटं ठेवलं की खरंच कुणी बोलावतंय असं वाटतं. रिबिनी गेल्या, मोती गेले. जुन्या मराठी पत्रांत वर शिक्का आणि मजकूर संपला की खाली छोटा मोर्तब असायचा, शिवाजी महाराजांच्या पत्रांवर शेवटी 'मर्यादेयं विराजते' असतं, म्हणजे पत्र इथे संपलं, याखाली कुणी काही घुसडू नये. शिक्कामोर्तब हा शब्द त्यातलाच. ते डोक्यात बसलं आणि मी काकांकडून नखाएवढा 'लेखनसीमा' करून घेतला, कार्डाच्या मागे कोपऱ्यात मारते. हा एकच शिक्का काकांना मनापासून आवडलाय, एक ठसा त्यांनी दुकानात लावून ठेवलाय.

मधे हातकागदाचं खूळ आलं होतं. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथला कागद हातात घेतला की ठेववत नाही. पण खडबडीत कागदावर बारीक ठसा तुटकच उमटतो, त्याला माझ्या पॉलिमरच्या शिक्क्याचा काही उपयोग नाही. रागारागाने मी शाळेतलं ठसेकाम आठवून भेंडी कापून मारली, आणि ती काय सुंदर आली! म्हणजे कागद चुकीचा नव्हताच, त्याला जाडाभरडा ठसा हवा होता. तेव्हापासून खोडरबर कोरायला लागले. लहान मुलांचं खोडरबर कोरताना भुगा होतं, मोठी मऊ लादी मिळते ती घ्या, आणि इंग्रजी व्ही आकाराचं लिनो कटर. चित्र बटर पेपरवर पेन्सिलने काढायचं, पालथं घालून नखाने घासायचं, की रबरावर आपोआप उलटं उमटतं, अक्षरं असली तरी डोकं लढवावं लागत नाही. माझं पहिलं जमलेलं काम म्हणजे अळूचं पान, त्यात फक्त शिरा कोरायच्या, बाकी पान भरीव, चुकायला जागाच नाही. सध्या एकच छोटा त्रिकोण आहे, तो ओळीने मारत गेलं की आईच्या लुगड्याचा करवतकाठ तयार होतो, हातकागदाच्या कडेला किरमिजी पिगमेंट शाईत. बास, एवढंच असतं माझ्या कार्डावर हल्ली. भाचा म्हणतो मावशी आळशी झाली.

दुकानाला पाचपैकी चार. जूनमध्ये जाऊ नका, शाळांच्या पुस्तकांच्या गर्दीत बोळाचं तोंडच सापडत नाही, आणि गाडी तर कधीच नेऊ नका. सकाळी अकराला गेलात तर काका निवांत असतात. अकरा फुलपाखरं आणि 'थिंकिंग ऑफ यू' अजून माझ्याकडे पडून आहेत, कुणाला हवे असतील तर फुकट घेऊन जा, फक्त आधी खोडरबराने घासा.