पन्हळ आणि तिच्यामागची फळी: नऊ महिने वापरल्यानंतर

फोनवर मी ‘गटर बसवायचंय’ म्हटलं तर पलीकडून प्रश्न आला, “चेंबर कुठे आहे?” दोन मिनिटं आम्ही दोघं वेगवेगळ्या गटारांबद्दल बोलत होतो. तेव्हापासून छपराच्या कडेचं पाणी झेलणाऱ्या या गटरला मी सरळ पन्हळ म्हणते. सासूबाईंच्या गावी गुहागरला ती पोफळीचं खोड उभं चिरून करायचे. माझी पीव्हीसीची आहे.

घर बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं. चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी आखलेली ही वसाहत १९८० च्या दशकातली, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. ज्याला त्याला आपापलं घर वाढवता यावं म्हणून मूळ आराखड्यात शेजाऱ्याशी भिंत सामाईक ठेवलेली नाही. कल्पना सुंदर आहे, पण माझ्या मागच्या पाखीचं, म्हणजे छपराच्या मागच्या उताराचं, पाणी पडतं ते शेजारच्या काकांच्या भिंतीलगत, हातभर रुंद बोळात. “वहिनी, तुमच्या पागोळ्या माझ्या ओट्यापर्यंत आल्या हो,” हे काका दर ऑगस्टमध्ये ऐकवायचे. ते खरंच होतं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीचे पोपडे मी पाहिले होते.

गेल्या एप्रिलमध्ये सुताराला बोलावलं ते फक्त पन्हळ बदलायला. जुनी पत्र्याची होती, खाडीच्या खाऱ्या हवेने तळाला चाळण झालेली. तो शिडीवर चढला आणि वाशांच्या टोकांना ठोकलेल्या फळीत त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला. रंग अगदी शाबूत, पण आत पातं मुठीपर्यंत गेलं. फळी वरच्या कडेने कुजत आली होती. शेवटच्या कौलाच्या कडेवरून पाणी सरळ खाली पडत नाही, थोडं कौलाच्या पोटाला चिकटून मागे वळतं आणि फळीवर उतरतं. वरून कितीही ऑइलपेंट मारा, ते मागून येतं. यावरचा उपाय म्हणजे कौलाखालून काढून पन्हळीत सोडलेली पत्र्याची वळवलेली पट्टी. या सगळ्या कामातली ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि आधीच्या कंत्राटदाराने नेमकी तीच गाळली होती.

पुढच्या बाजूला डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली, १८ मिलिमीटरची फळी घेतली. वाळवी लागत नाही, पाणी पीत नाही, रंगाचा खर्च नाही, असं दुकानदार म्हणाला आणि तिन्ही गोष्टी आजवर खऱ्या ठरल्या आहेत. मागची बाजू जूनच्या पहिल्या आठवड्यात करायची ठरली, कारण आपल्याकडे पाऊस यायची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. दुकानातला माल संपलेला, मागचे वासे उघडे, वर ताडपत्री. शेवटी सुतारच म्हणाला, “ताई, माझ्याकडे पाडलेल्या वाड्याचं सागवान पडलंय, चालेल?” त्याने आपल्या शेडमध्येच फळ्या रंधून त्यांना अळशीच्या तेलाचे तीन हात दिले आणि उघाडीच्या एका दुपारी बसवल्या. मी नाइलाजाने हो म्हटलं होतं.

आज फेब्रुवारीत दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहिल्या तर मागची, नाइलाजाची बाजू सरस आहे. डब्ल्यूपीसीत दोन वाशांच्या मध्ये किंचित पोट आलंय, खालून एका डोळ्याने पाहिलं की कळतं. दोष मालाइतकाच बसवणाऱ्याचाही. सहा इंची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली तर मीटरमागे जवळजवळ ९ किलो पाणी धरते. माझी ७ मीटरची, म्हणजे ६० किलोच्या वर. पन्हळ बसवणाऱ्याने ब्रॅकेटचे स्क्रू नुसते फळीत पिळले होते. डब्ल्यूपीसी आतून फेसासारखी असते, स्क्रूला नीट धरत नाही. जुलैत दोन ब्रॅकेट हलायला लागले. सुताराने स्टीलचे लांब स्क्रू फळीतून आरपार वाशात घेतले, तेव्हा ते थांबले. मागे त्याने पहिल्याच दिवशी तसं केलं होतं.

खरा मनस्ताप झाला तो उताराने. पन्हळीला, पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या दिशेने, दहा फुटाला अर्धा इंच तरी उतार हवा. पुढची पन्हळ बसवणारा म्हणाला, उतार दिला की घर वाकडं दिसतं. म्हणून त्याने ती फळीच्या कडेला समांतर लावली. आमची फळी मुळातच पाइपाच्या उलट्या बाजूला झुकलेली, हे त्याने पाहिलं नाही आणि मीही नाही. पहिल्या आठवड्यात दूरच्या टोकाला बोटाचं पेर बुडेल इतकं पाणी साचून राहिलं. त्यानंतर शिडी लावून पाहिलं तर पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. दर आठवड्याला कोरडा दिवस पाळून कुंड्यांखालच्या ताटल्या पालथ्या करणारी मी, आणि डोक्यावर ही टाकी! फोन केला की ‘उद्या येतो’. तो आलाच नाही. सुतारानेच पाण्याच्या नळीने लेव्हल काढून ब्रॅकेट पुन्हा लावले, वर ८०० रुपये घेतले. त्यामुळे पैसे देण्याआधी दूरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता आणि तळ कोरडा होतो का ते स्वतः शिडीवर चढून बघा. खालून काही दिसत नाही.

क्षमतेबद्दल मात्र तक्रार नाही. माझी एक पाख साधारण २८ चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटरने कोसळला तर मिनिटाला पंधरा लिटरच्या तीन बादल्या पाणी येतं. ऑगस्टच्या १८-१९ तारखेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या तेव्हाही चार इंची पाइपाने सगळं बिनबोभाट खाली नेलं. काकांची भिंत या वर्षी कोरडी राहिली. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण कोजागिरीला मसाला दुधाची तपेली आली.

जाळीवर पैसे घालवू नका, निदान दारात सोनमोहोर किंवा गुलमोहर असेल तर. आंब्याची पानं जाळी अडवते. सोनमोहोराची पानं मात्र नखापेक्षा लहान, जाळीतून आत जातात आणि पाकळ्या वर बसून ओल्या गोधडीसारख्या चिकटतात. मी जाळी सप्टेंबरात काढून टाकली. आता पाइपाच्या तोंडाशी तारेचा एक गोळा आहे, तो उपसला की काम झालं. पावसात महिन्यातून दोनदा, एरवी होळीनंतर एकदा.

सांध्यांबद्दल एक. पीव्हीसी उन्हात वाढतं. ७ मीटरला ३० अंशांच्या फरकाने साडेबारा मिलिमीटर. मागच्या पन्हळीचा सांधा रबराचा आहे, सरकतो, गळत नाही. पुढचा चिकटवून टाकलेला, तो डिसेंबरात एका थंड सकाळी तडकला. त्यावर सिलिकॉन लावलंय, पण ते तात्पुरतंच.

दोन्ही बाजूंचा मिळून खर्च २७,४०० झाला, सागवानासकट. सुताराला सांगून ठेवलंय, वाड्याच्या आणखी फळ्या मिळाल्या तर पुढच्या बाजूसाठी राखून ठेव. तो म्हणतो, “मेच्या आधी सांगा ताई, पावसाचा आता काही नेम नाही.”